तुलना कोणाच्या हृदयाची?

एट्रियल फिब्रिलेशन या हृदयविकारावर कोणते औषध श्रेष्ठ, याचा निकाल देशातील विज्ञानवार्तांनी जणू कायमचा लावून टाकला आहे. वॉर्फरिन जुनाट, कटकटीचे, वारंवार रक्त तपासायला लावणारे. नव्या गोळ्या सुटसुटीत आणि सुरक्षित. हा निष्कर्ष खोटा नाही, पण तो अर्धा आहे. उरलेल्या अर्ध्यात भारतातील रुग्णांचा फार मोठा वाटा येतो.

या विकारात हृदयाचे वरचे कप्पे, म्हणजे अलिंदे, लयीत आकुंचन पावण्याऐवजी नुसती थरथरत राहतात. तेथे रक्त साकळते, गुठळी धरते आणि ती सुटून मेंदूत पोहोचली की पक्षाघात होतो. म्हणून रक्त गोठण्याची क्रिया मंदावणारी औषधे दिली जातात. (त्यांना ‘रक्त पातळ करणारी’ म्हणण्याचा प्रघात आहे, प्रत्यक्षात रक्त त्यांनी कणभरही पातळ होत नाही.) वॉर्फरिन आणि भारतात सर्रास दिले जाणारे असिनोकुमरॉल ही औषधे ‘के’ जीवनसत्त्वाच्या कार्यात अडथळा आणतात. आहारात मेथी-पालक एकाएकी वाढला तरी त्यांचा परिणाम बदलतो. त्यामुळे रक्त गोठण्याचा वेग सांगणारा आयएनआर हा निर्देशांक सतत तपासावा लागतो. डॅबिगॅट्रान, रिव्हारॉक्साबॅन, एपिक्साबॅन या नव्या औषधांना ही तपासणी लागत नाही.

नव्या औषधांची कीर्ती २००९ ते २०११ या काळात प्रसिद्ध झालेल्या तीन मोठ्या वैद्यकीय चाचण्यांवर उभी आहे: आरई-लाय, रॉकेट-एएफ आणि ॲरिस्टॉटल. तिन्हींमध्ये मेंदूतील रक्तस्राव वॉर्फरिनपेक्षा कमी आढळला, आणि हे यश मोठेच आहे. मात्र या चाचण्यांतील रुग्ण सत्तरीच्या आसपासचे होते, आणि ज्यांची मायट्रल झडप लक्षणीय अरुंद झाली आहे त्यांना मुळातच वगळले होते. ही झडप अरुंद होण्याचे प्रमुख कारण म्हणजे बालपणी घशाच्या संसर्गानंतर येणारा ऱ्हुमॅटिक ताप. श्रीमंत देशांतून तो जवळपास हद्दपार झाला, भारतातून नाही. इंडियन हार्ट ऱ्हिदम सोसायटीने देशातील २४ केंद्रांतून दीड हजारांहून अधिक रुग्णांची नोंद केली, तेव्हा त्यांतील जवळजवळ निम्म्यांना ऱ्हुमॅटिक झडपविकार होता आणि सरासरी वय होते सुमारे ५५. ज्यांना चाचणीत प्रवेशच नव्हता, त्यांच्या माथी तिचा निष्कर्ष मारणे ही विज्ञानाची कोणती रीत?

या वगळलेल्या रुग्णांवरच ‘इनव्हिक्टस’ ही चाचणी झाली. आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतील २४ देशांत ती चालली. तिच्या प्रमुख संशोधकांत दिल्लीच्या ‘एम्स’मधील गणेशन कार्तिकेयन होते. २०२२ मध्ये बार्सिलोना येथे निकाल जाहीर झाले. ४५३१ रुग्णांची अंतिम गणना झाली. सरासरी वय साडेपन्नास आणि ७२ टक्के स्त्रिया. पक्षाघात, इतरत्र गुठळी अडकणे, हृदयझटका किंवा हृदयविकाराने अथवा अज्ञात कारणाने मृत्यू, यांपैकी काही घडलेले रुग्ण रिव्हारॉक्साबॅनच्या गटात ५६० आणि जुन्या औषधांच्या गटात ४४६ होते. मोठ्या रक्तस्रावाच्या प्रमाणात लक्षणीय फरक नव्हता. ‘कालबाह्य’ औषधाने माणसे अधिक जगली.

येथे घाईने उलटी आरोळी ठोकणाऱ्यांनाही थांबवले पाहिजे. मृत्यूंतील तफावत मुख्यतः पक्षाघातामुळे पडलेली नव्हती. ती आकस्मिक मृत्यू आणि हृदयाचा पंप निकामी होऊन आलेले मृत्यू यांतली होती. रक्त गोठू न देणाऱ्या औषधाने हे मृत्यू का टळावेत, याचे समाधानकारक उत्तर मिळालेले नाही. मात्र एक शंका रास्त आहे. जुन्या औषधावरील रुग्णाला दर महिन्याला आयएनआरसाठी यावे लागे, म्हणजे महिन्यातून एकदा कोणीतरी त्याला पाहत असे. मग तुलना दोन गोळ्यांची झाली, की एका बाजूला गोळी आणि दुसऱ्या बाजूला गोळीबरोबर भेटही, अशी झाली? भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत दोन चल एकाच वेळी बदलले तर विद्यार्थ्याचे गुण जातात. बातमीत मात्र त्याचा ठळक मथळा होतो.

हृदयाची लय पूर्ववत करावी की केवळ वेग आवरावा, या जुन्या वादाचीही अशीच गत झाली. २००२ च्या ‘अफर्म’ चाचणीत, ४०६० रुग्णांत, लय सांभाळण्याने आयुष्य वाढले नाही. २०२० च्या ‘ईस्ट’ चाचणीत लय लवकर सांभाळण्याचा फायदा दिसला. विज्ञानाने शब्द फिरवला, असे ज्यांना वाटले त्यांनी रुग्ण कोण हे पाहिलेच नाही: ‘ईस्ट’मध्ये निदान होऊन वर्षही न झालेले रुग्ण घेतले होते.

झडप धडधाकट असलेल्या रुग्णाला नवी गोळी देणे योग्यच, हे निःशंकपणे सांगावे. पण त्याच वाक्याला जोडून हेही सांगावे की अरुंद मायट्रल झडपेला किंवा बसवलेल्या यांत्रिक झडपेला ते लागू नाही. यांत्रिक झडपांवरील डॅबिगॅट्रानची चाचणी तर गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्याने मध्येच थांबवावी लागली होती. हा अपवाद गाळून छापलेली बातमी वाचून पन्नाशीतली एखादी बाई आपल्या मनाने गोळी बदलते, तपासणीला जाणे सोडते, आणि जोखीम तिच्या जिवावर येते.

‘इनव्हिक्टस’मध्ये जुन्या औषधांच्या गटात आलेल्या रुग्णांपैकी केवळ तिसऱ्या हिश्श्याचा आयएनआर सुरुवातीला योग्य मर्यादेत होता, नियमित तपासणी सुरू झाल्यावर हे प्रमाण निम्म्याच्या वर गेले. यासाठी नवा रेणू शोधावा लागला नाही. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात ही तपासणी होते का, झाली तर अहवाल त्याच दिवशी हाती पडतो की आणखी एक रोजगार बुडवून पुन्हा बसने यावे लागते, याची बातमी कोणी करत नाही.