कापूसतोंड्या

दिवाळीत मुलांच्या हाती सापाच्या गोळ्या पडल्या, की गॅलरीत फसफसत काळा साप उभा राहतो आणि घरभर धूर होतो. त्यात विषारी असतो तो धूर. साप बिचारा नुसता राखेचा. यंदा या पानावर मी लिहिणार आहे तो साप मात्र खरा आहे, विषारी आहे आणि पाण्यात राहणारा आहे. परंतु त्याचाही दिखावा पुष्कळ आणि दंश त्या मानाने कमी.

अमेरिकेच्या आग्नेय भागात, व्हर्जिनियापासून फ्लॉरिडापर्यंत आणि पश्चिमेस टेक्सासपर्यंत, जिथे दलदल, कालवे आणि संथ पाणी आहे तिथे हा राहतो. तिकडे त्याला ‘कॉटनमाउथ’ म्हणतात. मी त्याला आपला कापूसतोंड्या म्हणतो. डिवचला, की हा वेटोळे घालून, मान मागे घेऊन जबडा सताड उघडतो. आतला भाग पिंजलेल्या कापसासारखा पांढराशुभ्र! शिवाय शेपटी थरथरवतो आणि उग्र वास सोडतो. गोत्र विचाराल तर आपल्या सह्याद्रीतल्या चापड्याचा हा भाऊबंद. दोघांच्याही डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये एक खळगी असते. तिने त्यांना उष्णता जाणवते, म्हणून अंधारातही उंदीर कुठे बसला आहे ते बरोबर कळते.

माझा भाचा फ्लॉरिडात नोकरीला आहे. घरामागच्या तळ्याकाठी दिसलेल्या एका जाडजूड काळपट सापाचे छायाचित्र त्याने मला मोबाईलवर धाडले. खाली ओळ होती, “मामा, हा तोच का? शेजारी फावडे घेऊन उभा आहे.” मी चष्मा लावून पाहिले. बाहुली गोल, ओठांवर उभ्या काळ्या रेघा, अंग पाण्याखाली आणि डोके तेवढे वर. कापूसतोंड्याची बाहुली उजेडात मांजरासारखी उभी असते, डोळ्यावरून एक काळपट पट्टा मागे जातो, आणि पोहताना त्याचे सबंध अंग बोयासारखे वर तरंगते. तेव्हा हा बिनविषारी पाणसाप. आपल्याकडे दिवड नाही का, कुणाच्या अध्यात ना मध्यात, तरी विहिरीवर दिसली की काठ्या घेऊन माणसे धावतात; तीच गत. मी कळवले, “फावडे ठेवून द्यायला सांग. हा तो नव्हे. आणि असता, तरीही ठेवायलाच सांगितले असते.”

हे भाच्याला पटेना. “मामा, इथे म्हणतात तो माणसाच्या मागे लागतो.” म्हणतात खरे! परंतु गिबन्स आणि डॉर्कस या दोन शास्त्रज्ञांनी ते पडताळून पाहिले आणि 2002 साली प्रसिद्ध केले. दक्षिण कॅरोलायनाच्या दलदलीत त्यांनी 45 रानटी कापूसतोंडे गाठले. जवळ उभे राहिले, बूट घालून अंगावर हलकेच पाय दिला, मग हातमोजा चढवलेल्या चिमट्याने उचलले. निम्मे तर पळूच पाहत होते. उचललेल्या 36 सापांपैकी त्या खोट्या हाताला चावले फक्त 13. अंगावर पाय पडल्यावर आपल्यापैकी किती जण एवढे सबुरीने घेतील?

म्हणून त्याला कुरवाळायला जाऊ नये. त्याचे विष मांस सडवते. उतारा आहे, माणूस क्वचितच दगावतो, पण बोट जाऊ शकते. दंशाच्या टप्प्यात मात्र बहुधा फावडेवालाच आपण होऊन जातो.

संसार साधा. मादी अंडी घालत नाही, उन्हाळ्याच्या शेवटी सहा-आठ जिवंत पिले देते. पिलाच्या शेपटीचे टोक पिवळेजर्द असते. ते अळीसारखे वळवळवायचे, बेडूक आशेने पुढे आला की गट्ट! नराशिवायही या मादीला पिले होऊ शकतात, हे 2012 साली रानातल्या माद्यांच्या तपासणीत दिसून आले.

खाण्यात सोवळेओवळे नाही. मासे, बेडूक, उंदीर, दुसरे साप, मेलेलेसुद्धा. या खाण्यापायीच एका बेटावर जे घडले, ते मला फार दिवस चटका लावून आहे. फ्लॉरिडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ सीहॉर्स की नावाचे लहानसे बेट आहे. तिथे गोड्या पाण्याचा कायमचा साठा नाही, तरी कापूसतोंडे मुबलक. कारण वर झाडांवर बगळे, शराटी, पाणकावळे, पेलिकन यांची हजारो घरटी. पिलांना भरवताना मासे खाली पडत आणि खाली साप वाट पाहत असत. चढून घरटी लुटण्याच्या भानगडीत ते सहसा पडत नसत. उलट अंडी खाणाऱ्या उंदरांना त्यांचा धाक. भाडेकरू खाली, मालक वर, आणि तक्रार कुणाचीच नाही.

2015 च्या वसंतात पक्षी एकाएकी उठून गेले. अंडी टाकून गेले. का, याचा निर्विवाद उलगडा झालेला नाही. बरेचसे शेजारच्या स्नेक की नावाच्या बेटावर गेले. फ्लॉरिडा विद्यापीठाचे लिलीव्हाइट आणि त्यांचे सहकारी त्या सापांना आधीपासून मोजत होते, म्हणून पुढचे कळले. सीहॉर्स कीवरचे साप रोडावले, कमी झाले, एकमेकांना खाऊ लागले. स्नेक कीवरही कापूसतोंडे होतेच. ज्यांच्या डोक्यावर आता घरटी झाली, ते चांगले बाळसे धरू लागले.