द्रौपदी हसली म्हणून युद्ध झालं?

गेल्या आठवड्यात औरंगपुऱ्यात चहा पिताना शेजारच्या बाकावरची चर्चा कानावर आली. विषय कुणाच्या तरी घटस्फोटाचा होता. शेवटी एक काका म्हणाले, "अहो, द्रौपदी हसली आणि महाभारत घडलं!" सगळ्यांनी माना डोलावल्या. विषय संपला, दोष बाईवर गेला.

हे वाक्य आपण इतक्या सहज वापरतो की मुळात काय लिहिलंय ते बघतच नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ अशी जवळपास अर्धं शतक खपून, शेकडो हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली. "आंधळ्याचा मुलगा आंधळा" हा टोमणा त्यात द्रौपदीच्या तोंडी नाहीच. मयसभेत दुर्योधन पाण्यात पडतो तेव्हा भीम हसतो, भाऊ हसतात, नोकरचाकर हसतात. द्रौपदी हसल्याचं येतं ते नंतर, हस्तिनापुरात दुर्योधन बापाकडे गाऱ्हाणं करतो तेव्हा. म्हणजे आरोप आहे तो दुखावलेल्या माणसाचा. आपण त्याचाच निकाल करून टाकला.

आणि समजा, हसली. म्हणून काय? तिला केस धरून भर सभेत ओढत आणावं?

मग जबाबदार कोण? युधिष्ठिराला सोडायचं कारण नाही, बायको पणाला लावणारा तोच. कर्णालाही नाही. 'मृत्युंजय' वाचून आपण सगळे त्याच्या प्रेमात पडलो, पण सभेत द्रौपदीची वस्त्रं काढायला सांगणारा तोच आहे. दुर्योधन, शकुनी तर आहेतच.

पण माझ्या मते पहिलं नाव धृतराष्ट्राचं. कारण थांबवायचा अधिकार त्याच्याकडे होता आणि त्याने तो वापरूनही दाखवला. गोष्ट हाताबाहेर जातेय म्हटल्यावर त्याने द्रौपदीला वर दिले. तिने एका वराने युधिष्ठिराला सोडवलं, दुसऱ्याने बाकीच्या चौघांना, शस्त्रांसकट. तिसरा वर तिने मागितलाच नाही. खेळ तिथं संपला होता. त्यानंतर पोराच्या हट्टापायी पुन्हा फासे टाकायला परवानगी कुणी दिली? गांधारीने विरोध केला, विदुराने समजावलं, तरी म्हाताऱ्याने ऐकलं नाही.

त्यानंतर तेरा वर्षं गेली. पांडव पाच गावांवर तयार होते. सुईच्या टोकावर मावेल एवढीही जमीन द्यायला दुर्योधन तयार नव्हता आणि राजा नुसता हळहळत बसला. यात द्रौपदीचं हसू कुठं आहे?

आपल्या वेरूळच्या कैलास लेण्यात उत्तरेच्या बाजूला महाभारताचे प्रसंग कोरलेत. पुढच्या वेळी पाहुण्यांना घेऊन गेलात तर तिथं थोडं थांबा आणि पोरांना ही गोष्ट नीट सांगा. आपल्याकडे आजही सोसायटीत, कॉलेजात, ऑफिसात काही वाईट घडलं की पहिला प्रश्न येतो, "ती काय बोलली होती? ती का हसली?" खुर्चीवर कोण बसलं होतं आणि त्याने वेळेवर काय केलं, हे शेवटी विचारलं जातं. कधीकधी विचारलंच जात नाही.

तेव्हा ते वाक्य पुन्हा कानावर आलं तर मान डोलावू नका. एवढंच विचारा, "आणि धृतराष्ट्र काय करत होता?"