आकडा बरोबर, दाणा चुकला

शनिवार सकाळ, हातात चहा, आणि डोक्यात अजून कारखान्याचा भोंगा. गेला गळीत हंगाम मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्यात येऊन-जाऊन काढला. ऊस नाही तोडला हो :) तिथल्या पॅनवरच्या सेन्सरचे आकडे स्क्रीनवर दाखवायचं सॉफ्टवेअर आमच्याकडे होतं.

पॅन म्हणजे उसाचा पाक कमी दाबाखाली, साधारण ६५ अंशांना उकळवून दाणा धरायचं प्रचंड भांडं. पाक पातळ राहिला तर धरलेला दाणा विरघळतो. फार घट्ट झाला तर नको असलेला बारीक दाणा आपोआप पडतो, आणि तो पुढे सेंट्रिफ्युगलची जाळी तुंबवतो किंवा जाळीतून थेट मळीत जातो. म्हणून पाकात पाणी किती, हे क्षणाक्षणाला कळायला हवं.

इथे येतो डायइलेक्ट्रिक सेन्सर. फर्स्ट इयरचा कपॅसिटर आठवतोय? दोन पट्ट्या आणि मध्ये काहीतरी. ते 'काहीतरी' बदललं की कपॅसिटन्स बदलतो, हे फॅरडेने १८३७ मध्येच दाखवलं. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक खोलीच्या तापमानाला ८० च्या आसपास, कोरड्या साखरेचा अगदीच थोडा. त्यामुळे पाणी जरा कमी झालं की पॅनमध्येच बसवलेल्या सेन्सरला लगेच कळतं. नमुना घेऊन लॅबकडे पळायला नको. आयडिया भारी आहे, वादच नाही.

वाद पुढे आहे. आमच्या प्रेझेंटेशनमध्ये एक स्लाइड होती, 'मनुष्यबळ बचत'. साध्या मराठीत, सेन्सर आला, आता पॅनमन कमी करा. आणि ती स्लाइड मीच बनवली होती.

तर झालं असं की, एका रात्रपाळीत माझी स्क्रीन मस्त हिरवी होती. ब्रिक्स दोन दशांश स्थळांपर्यंत, जिथे हवा तिथे. शेजारी पॅनमन काका. त्यांनी पॅनमधून थोडा पाक काढला, काचेवर पसरला, दिव्यासमोर धरला आणि म्हणाले, "साहेब, आकडा बरोबर हाय, पन दाणा बघा की जरा." काचेवर मोठ्या दाण्यांच्या मध्ये बारीक पीठ पडलेलं. त्यांनी गरम पाणी सोडून ते विरघळवलं आणि पॅन वाचवला.

सेन्सर बिघडला होता का? अजिबात नाही. तो मोजतो एकूण मिश्रणातलं पाणी. साखर पाकात विरघळलेली आहे, मोठ्या दाण्यात आहे की बारीक पिठात, याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नाही. आम्ही त्याला एक प्रश्न विचारला, आणि स्क्रीनवर दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर म्हणून छापलं!

आणि 'पाणी' तरी तो थेट कुठे मोजतो? तो मोजतो विजेचा गुणधर्म. त्याचं पाण्यात रूपांतर करतं कॅलिब्रेशन. पाण्याचा तो ८० चा स्थिरांक ६५ अंशांना ६५ च्या आसपास उतरतो, म्हणजे तापमानाचा हिशेब चुकला की आकडा चुकला. पाकातले क्षार आणि सेन्सरवर बसलेला थर हे वेगळेच. दोन दशांश स्थळं ही आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांची हौस, बाकी काही नाही.

म्हणून सेन्सर काढून टाका असं मी म्हणत नाहीये. काका दर सेकंदाला काच बघू शकत नाहीत, सेन्सर बघतो. सोबत रिफ्रॅक्टोमीटर लावला, तर तो फक्त दाण्यांमधल्या पाकाकडे बघतो, म्हणजे दोघांच्या आकड्यांवरून एकूण दाणा किती झाला याचा अंदाज येतो. पण तो दाणा कसा आहे, सारखा आहे का, हे अजून काच आणि डोळाच सांगतो. मग ज्याला दाणा कळतो त्यालाच घरी पाठवायचं? उद्या कॅलिब्रेशन घसरलं तर सांगणार कोण?

आता आमच्या स्क्रीनवर एकच दशांश स्थळ आहे, शेजारी तापमान आणि शेवटच्या कॅलिब्रेशनची तारीख. काकांसाठी एक बटण आहे, 'दाणा बिघडला'. ते दाबलं की त्या क्षणाचे सगळे आकडे साठवले जातात. सगळ्यात उपयोगी डेटा तोच निघाला.

असो. पुढच्या महिन्यात नव्या कारखान्यासाठी प्रेझेंटेशन आहे. ती स्लाइड मी काढली आहे. मॅनेजर विचारणारच, "मग पैसे वाचणार कशात?" मी म्हणणार, मळीत जाणाऱ्या साखरेत. बघू, पटतंय का.