मापाची सायकल

एकत्र कुटुंबांत एक सायकल चौघांनीं वापरावी, ही काटकसर योग्यच. मग एकाच्याच मापाची सायकल हातानें घडवून घेणें हा स्वार्थ नव्हे काय? जुन्नरहून नाणेघाटाची किंवा घोडेगांवाहून भीमाशंकरची वाट नित्य चालविणाऱ्यास विचारावें! बैठक वरखालीं करतां येते. सांगाड्याची लांबी बदलतां येत नाहीं, आणि बेताचा नसलेला सांगाडा पाठ धरवितो. पुण्याचे निवृत्त विंग कमांडर शशिशेखर पाठक यांनीं बांबूच्या सायकली घडविल्या आहेत. बांबू ओला असतांना सांधला, तर पुढें आकसतो, तडकतो. म्हणून अशा कामास मुदत लागते. लोणचें मुरण्याची वाट पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांस हें सांगावयास नको. मात्र मुलाची वा मुलीची उंची वाढत असेतों ही मागणी देऊं नये; तोंवर घरची सामाईक सायकलच बरी.