खुल्या खेळाचे दप्तर

भोसरीतल्या ज्या कारखान्यात माझी हयात गेली, त्याच्या टूलरूमच्या दाराशी हिरव्या रंगाचे एक लोखंडी कपाट होते. आणि प्रत्येक जॉबचे ड्रॉइंग, त्याची प्रोसेस शीट, त्यात वेळोवेळी झालेले बदल आणि तो बदल करणाऱ्याची तारखेसह सही, असे सारे दप्तर त्या कपाटात क्रमवार लावलेले असे. ड्रॉइंगच्या कोपऱ्यातील रेव्हिजनच्या चौकटीत ‘सी’ हे अक्षर आले असताना मशीनवर मात्र ‘बी’चाच कागद लटकत राहिला, आणि त्या एका अक्षरापायी रात्रपाळीचा सगळा माल सकाळी रिजेक्शनच्या लाल पेटीत पडलेला आम्ही पाहिला, तेव्हापासून कागद हा कामाचाच एक अवयव आहे ही गोष्ट माझ्या मनावर कायमची ठसली.

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात ही जाणीव घरोघरी आहे. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, त्यानंतर येथे फिटर, टर्नर, सेटर आणि इन्स्पेक्टर यांच्या दोन-तीन पिढ्या घडल्या. आणि त्यांचीच मुले-नातवंडे आज याच परिसरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत संगणकशास्त्र शिकत आहेत. माझी तक्रार अशी की, बापाच्या कारखान्यातील हा शिरस्ता मुलाच्या संगणकापर्यंत पोहोचलेला नाही. अंतिम वर्षाचा प्रकल्प, त्याच्या कोडसह आणि सोनेरी अक्षरे उमटवलेल्या ‘ब्लॅक बुक’सह, म्हणजे बांधीव अहवालासह, तयार स्वरूपात विकत मिळतो, आणि तो घेणाऱ्या मुलाला आपण काही गैर केले असे वाटत नाही, हे मी माझ्या आप्तांमध्येच पाहिले आहे. अशा प्रकल्पाचे दप्तर कोणी वाचण्यासाठी लिहिलेलेच नसते. ते परीक्षकाच्या टेबलावर एकदा उघडते आणि मग कपाटात कायमचे बंद होते.

माझ्या पुतणीने गेल्या वर्षी निराळी वाट धरली. ‘सुपरटक्सकार्ट’ नावाचा गाड्यांच्या शर्यतीचा एक आर्केड खेळ आहे. स्टीव्ह बेकर यांनी २००० साली ‘टक्सकार्ट’ या नावाने त्याचा आरंभ केला, पुढे स्वयंसेवकांच्या दुसऱ्या चमूने तो हाती घेऊन वाढवला, आणि २०१९ च्या एप्रिलमध्ये निघालेल्या त्याच्या १.० या आवृत्तीपासून तो दूरदूरच्या खेळाडूंना नेटवर्कवरून एकमेकांशी खेळता येऊ लागला. त्यातील स्वार म्हणजे लिनक्सचा पेंग्विन, जीएनयूचा ‘नू’ (वाइल्डबीस्ट), गिंपचा विल्बर, अशी मुक्त प्रणालींचीच बोधचिन्हे आहेत. त्याचा संपूर्ण सोर्स कोड जीएनयू जनरल पब्लिक लायसन्सखाली खुला आहे. या लायसन्सला मी सनद म्हणेन, कारण कोड वापरण्याची, तपासण्याची, बदलण्याची आणि वाटण्याची मुभा ती कोणालाही देते, आणि मोबदल्यात मुख्य अट अशी घालते की बदललेली प्रत दुसऱ्याला देताना तिचा कोडही याच मुभेसह द्यावा.

पुतणीने तो खेळ तयार स्वरूपात न उतरवता कोडपासून स्वतः बांधायला घेतला. त्यातला कोड एका ठिकाणी, गिट या बदल नोंदवणाऱ्या व्यवस्थेच्या भांडारात, आणि चित्रे, आवाज व ट्रॅक यांचा साठा दुसऱ्या ठिकाणी, सबव्हर्जन या तशाच व्यवस्थेच्या भांडारात असतो; ‘एसटीके-कोड’ आणि ‘एसटीके-असेट्स’ हे दोन फोल्डर शेजारी शेजारी ठेवावे लागतात, आणि हे बांधणीच्या सूचनांत स्पष्ट लिहिलेले आहे. इंग्रजी मजकूर घाईने वाचल्यामुळे तिने दुसरा फोल्डर पहिल्याच्या पोटात ठेवला, आणि एक अख्खी संध्याकाळ बांधणी अडून राहिली. चूक उमगल्यावर तिने जे केले, ते मला तिच्या साऱ्या गुणपत्रिकांपेक्षा मोलाचे वाटते: तिने वही काढून मराठीत एक पान लिहिले. प्रथम कोणकोणत्या लायब्ररी बसवायच्या, दोन्ही फोल्डर कसे ठेवायचे (येथे तिने शेजारी शेजारी दोन चौकोन काढले), मग ‘सीमेक-बिल्ड’ नावाचा फोल्डर करून त्यात ‘सीमेक’ आणि त्यानंतर ‘मेक’ ही आज्ञा कशी द्यायची, पडद्यावर कोणती ओळ आली म्हणजे काम बिनसले असे समजायचे, आणि शेवटी खेळ कोठून सुरू करायचा, एवढा तपशील तिने वसतिगृहातील मैत्रिणींसाठी एका पानात बसवला. मी ते पान वाचले आणि मला हिरव्या कपाटातील प्रोसेस शीट आठवली. तिच्यातही ऑपरेटरने कोठे चुकायचे नाही, हे नेमके तेथेच लिहिलेले असे, जेथे आधी कोणीतरी चुकलेले असे.

यावर कोणी म्हणेल की, खेळ हे पोरांच्या करमणुकीचे साधन. गंभीर कामे सोडून विद्यार्थ्यांनी खेळाचा कोड का कुरवाळावा? माझे मत नेमके उलट आहे. या खेळातील प्रत्येक गाडीचे वजन, इंजिनाचा जोर, वळणाची त्रिज्या, सस्पेन्शनचा ताठरपणा हे सारे आकडे एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये उघडे लिहिलेले आहेत. गाड्या हलक्या, मध्यम आणि जड अशा तीन वर्गांत वाटलेल्या आहेत, आणि त्यांच्या हालचालीचे गणित ‘बुलेट’ नावाची दुसरी खुली लायब्ररी करते. सस्पेन्शनचा एक आकडा बदलावा, खेळ पुन्हा सुरू करावा, आणि गाडी वळणावर उलटताना डोळ्यांनी पाहावी! चाकणमध्ये खऱ्या मोटारी जुळवणाऱ्या लाइनवर ज्याचा बाप उभा राहतो, त्या मुलाला हे आकडे परके नाहीत, आणि कोणत्याही पाठ्यपुस्तकातले सूत्र त्याला इतक्या लवकर कारण आणि कार्य यांची गाठ घालून दाखवणार नाही.

शिवाय आर्केड खेळाचा जन्मच मुळी खुलेपणात झाला, हे फारसे सांगितले जात नाही. १९६१-६२ च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीमधील पीडीपी-१ या संगणकावर स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी ‘स्पेसवॉर’ हा खेळ लिहिला. त्यावर पीटर सॅमसनने खऱ्या आकाशाबरहुकूम ताऱ्यांचा पडदा चढवला, डॅन एडवर्ड्सने मधोमध गुरुत्वाकर्षणाचा तारा बसवला, मार्टिन ग्रेट्झने संकटकाळी अदृश्य होण्याची युक्ती घातली, आणि कागदी फितीवर उतरलेला तो प्रोग्राम इतर संस्थांतील पीडीपी-१ पर्यंत हातोहात गेला. १९७१ साली नाणे टाकून व्हिडिओ गेम खेळण्याची जी पहिली यंत्रे अमेरिकेत निघाली, ती ‘गॅलॅक्सी गेम’ आणि ‘कॉम्प्युटर स्पेस’ ही दोन्ही याच खेळाची अपत्ये होती. पुढे पार्लरांतील यंत्रांच्या सर्किट बोर्डांवर टाळे पडले. ती यंत्रे भंगारात निघू लागली, तेव्हा त्यांची आतली रचना कोठेच नीट लिहिलेली नव्हती. १९९७ साली निकोला साल्मोरिया या इटालियन माणसाने ‘मेम’ हा प्रकल्प सुरू केला, तो जुन्या यंत्रांची अंतर्रचना कोडच्या रूपाने नोंदवून ठेवण्यासाठी. ते खेळ आज संगणकावर खेळता येतात, हा त्या नोंदीचा आनुषंगिक लाभ, असे त्या प्रकल्पाचे कर्तेच मानतात. दप्तर आधी आणि खेळ मागाहून, हा क्रम मला फार उचित वाटतो.

खुल्या प्रकल्पात बाहेरच्याने केलेला बदल कसा स्वीकारला जातो, हे सांगायला मला आपल्याकडचा एकच दाखला पुरेसा वाटतो, आणि तो चाकणच्या शेतकऱ्यांना चांगला परिचित आहे: गाव नमुना सहा, म्हणजे तलाठ्याची फेरफार नोंदवही. तीत बदलाला अनुक्रमांक पडतो, तारीख पडते, बदलाचे कारण लिहिले जाते, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत मिळते, आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावरच सातबाऱ्यावर नवी ओळ चढते. जुनी ओळ मात्र पुसली जात नाही, ती कंसात जाते. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिहिलेली गिट ही व्यवस्था कोडच्या बाबतीत हेच करते. जमिनी संपादित होताना ज्या गावांनी प्रत्येक फेरफाराचा आकडा जपून ठेवला, त्या गावांतील मुलांना ‘कमिट’, म्हणजे गिटमधली बदलाची नोंद, काय असते हे समजावायला इंग्रजी पुस्तक कशाला हवे?

ज्ञान कसे येते आणि कोणत्या अटींवर येते, याचे दोन्ही धडे या भूमीने घेतले आहेत. पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने उभी राहिली, हा एक धडा. आकुर्डीला बजाजच्या स्कूटर निघाल्या त्या इटलीच्या पियाजिओच्या परवान्यावर, आणि १९७१ साली त्या परवान्याची मुदत संपली, हा दुसरा. परवान्याचे ज्ञान मुदतीसह येते, धन्याच्या मर्जीने येते. खुल्या सनदेचे ज्ञान त्याच्या कागदांसह येते, आणि घेणाऱ्याकडून एकच अपेक्षा करते की त्यानेही आपले कागद ठेवावे.

म्हणून माझी सूचना विद्यापीठाला आणि महाविद्यालयांना आहे. अंतिम वर्षाच्या प्रकल्पाऐवजी एखाद्या खुल्या खेळात किंवा कोणत्याही खुल्या प्रणालीत केलेले योगदान गुणांस पात्र धरावे. एखादा दोष पुन्हा घडवून दाखवता येईल अशा क्रमाने नोंदवणे, बांधणीच्या सूचना दुरुस्त करणे, मराठीत दस्तऐवज लिहिणे, यांना नव्या कोडइतकेच गुण द्यावे. मराठीतील या कामाला पूर्वपरंपरा आहे: १९२० साली किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघाले, तेव्हा एका नांगराच्या कारखान्याने यंत्रयुगाशी मराठी वाचकाचा परिचय मराठीतच करून द्यायला घेतला होता. आज मुंबईच्या आयआयटीतील ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे अनेक पाठ मराठी आवाजात ऐकायला मिळतात. त्या पाठांच्या विषयांत ज्या ‘ब्लेंडर’ या त्रिमितीय रचनेच्या प्रणालीत या खेळाचे ट्रॅक घडवले जातात, तीही आहे. साधने आहेत, माणसे आहेत. अडले आहे ते गुणपत्रिकेतल्या एका रकान्यापाशी.

पुतणीचे पान वसतिगृहाबाहेर गेले आहे. चाकणच्या एका डिप्लोमाच्या मुलाने त्याच्या आधाराने खेळ बांधला, आणि आता तो चाकण-तळेगाव रस्त्यासारखा एक ट्रॅक ब्लेंडरमध्ये रचतो आहे: कंटेनरची रांग, चहाची टपरी, कारखान्याची लांबच लांब पत्र्याची भिंत. दुसऱ्याचे छायाचित्र मोकळ्या सनदेवाचून वापरले तर ट्रॅक घेतला जात नाही, म्हणून पत्र्याचा गंज, डांबराची भेग आणि टपरीची फळी यांची छायाचित्रे त्याने रविवारी सकाळी स्वतः जाऊन काढली. परवाना-नोंदीच्या फाईलमध्ये तो सध्या प्रत्येक चित्रापुढे ते कोणी काढले, कोणत्या दिवशी काढले आणि कोणत्या सनदेखाली दिले, हे लिहीत बसला आहे, आणि काल त्याने पुतणीला फोन करून विचारले की, “ताई, टपरीवाल्या काकांची परवानगी घेतली, ते कोणत्या रकान्यात लिहू?”