भाषण पुरे, पोरांच्या हातीं फडकें द्या

हिटलरशाहीनें साठ लाख यहुदी मारले, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांत एका ओळींत आटोपते. पोर ती ओळ घोकतें, परीक्षेंत उतरवितें आणि विसरतें. कोणी त्याबद्दल बोलूं लागला कीं शहाणे लोक पुढें सरसावतात. "मास्तर, ऐंशी वर्षांचीं मढीं कशाला उकरतां? कोवळ्या पोरांच्या जिवाला घोर कां लावतां?"

या शहाण्यांना आमचा रोकडा सवाल आहे. मेलेल्यांची आठवण पोरांना झेपत नाहीं, तर मारणाऱ्याचें पुस्तक कसें झेपतें? हिटलरच्या पुस्तकाचें मराठी भाषांतर बाजारांत उघड विकलें जातें, आणि "काय शिस्त होती गड्याची!" म्हणणारीं पोरें गांवोगांव भेटतात. २००६ सालीं नवी मुंबईंत तर एका खाणावळीला त्याचें नांव दिलें होतें. मुंबईच्या यहुदी मंडळींनीं हरकत घेतली तेव्हां तें बदललें. त्या वेळीं घोराची काळजी करणारे हे शहाणे कोठें होते?

शिस्त कसली ती ऐका. १९३५ सालीं न्यूरेंबर्ग येथें कायदे झाले. ज्याच्या चार आजीआजोबांपैकीं तीन यहुदी, तो यहुदी. मग तो स्वतः देवाचें नांव घेवो वा न घेवो. गुन्हा काय, तर जन्म! जन्मावरून माणसाची लायकी ठरविणें म्हणजे काय, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. आधीं नोकऱ्या काढल्या, दुकानें काढलीं, शाळा बंद केल्या. पुढें महायुद्धांत आगगाडीच्या मालडब्यांत माणसें कोंबून पोलंडांतील ऑशविट्झसारख्या छावण्यांत नेलीं आणि विषारी वायूनें मारलीं. दहा लाखांवर तर लेंकरेंच होतीं. सगळें यादीबरहुकूम झालें. आणि याद्या करणारे अडाणी नव्हते, चांगले शिकलेले होते, हें आम्हां मास्तर लोकांनीं विशेष ध्यानांत ठेवावें.

आतां जेथें हें पाप झालें तेथलीं पोरें काय करतात तें पाहा. गुंटर डेम्निग नांवाच्या शिल्पकारानें एक काम हातीं घेतलें. ज्या घरांतून माणूस ओढून नेला, त्या घरासमोर फरसबंदींत वीतभरापेक्षां लहान असा चौकोनी दगड बसवावयाचा. वर पितळेचा पत्रा. त्यावर "येथें राहत होता", मग नांव, जन्मसाल, कोठें नेला, काय झालें. २०२३ पर्यंत यहुद्यांचे आणि हिटलरशाहीनें छळलेल्या इतरांचे मिळून असे एक लाख दगड युरोपांत बसले. लाखावा दगड बसला तो न्यूरेंबर्गांतच. पुष्कळ ठिकाणीं शाळेचा वर्ग एक नांव घेतो, जुन्या दप्तरांतून कागद काढतो, वर्गणी करतो. नोव्हेंबरच्या ९ तारखेस, म्हणजे १९३८ सालीं ज्या रात्रीं यहुद्यांचीं प्रार्थनामंदिरें जाळलीं त्या दिवशीं, पोरें फडकें घेऊन गुडघ्यांवर बसतात आणि पितळ घांसतात. साठ लाख हा आंकडा पोराच्या डोक्यांत मावत नाहीं. आपल्या गल्लींतल्या, आपल्या वयाच्या मुलीचें नांव मावतें.

यावरही वाद आहे, आणि तो पोरांपासून लपवूं नये. म्यूनिक शहरानें २००४ सालीं सरकारी रस्त्यांवर हे दगड बसविण्यास मनाई केली. तेथील यहुदी समाजाच्या पुढारी शार्लोट क्नोब्लोख यांनींच विरोध केला, कीं आमच्या माणसांचीं नांवें पुन्हां पायदळीं नकोत. ही बाई स्वतः त्या कत्तलींतून वांचलेली. १९४२ सालीं नऊ वर्षांची असतां तिला खेड्यांतल्या एका शेतकऱ्याच्या घरीं लपविलें. तिच्या चुलत्याकडे पूर्वीं मोलकरीण असलेल्या क्रेसेन्सिया हुमेल हिनें गांवाला भासविलें कीं ही माझीच लग्नाबाहेरची पोर आहे. खेड्यांत बिनलग्नाच्या बाईनें असें म्हणणें म्हणजे काय, तें आमच्या मायबहिणींना विचारा! तिनें आपली अब्रू दिली आणि परक्याची लेंक राखली. आमचें मत विचाराल तर दगड चांगला. पण ज्यानें सोसलें त्याचा शब्द आधीं ऐकावा.

मान म्हणतात तो हाच. शाल-नारळ देऊन म्हाताऱ्याला खुर्चींत बसविलें आणि पुढाऱ्यानें तासभर भाषण ठोकलें, हा मान नव्हे. लोथर क्राइसिग हा जर्मन न्यायाधीश. सरकार वेड्या-अपंगांना गुपचूप मारतें हें कळतांच १९४० सालीं त्यानें मंत्र्याला लेखी हरकत कळविली. त्यापायीं न्यायासन गेलें. तो शेतीवर राहिला. १९५८ सालीं यानेंच तरुणांची सेवासंस्था काढली. मारणाऱ्यांच्या देशाचीं पोरें त्या संस्थेमार्फत परदेशीं जातात, इस्रायलांतही जातात. वांचलेल्या वृद्धांच्या घरीं बसतात, त्यांचें लहानमोठें काम करतात, त्यांचें बोलणें ऐकून घेतात. जानेवारी २०२४ मध्यें जगांत असे वांचलेले सुमारें २,४५,००० उरले होते, आणि निम्म्याहून अधिक ऐंशीच्या पलीकडचे. ऐकावयाचें तर आतांच.

"पण आपला काय संबंध?" असें कोणी म्हणेल. अहो, अलिबाग-पेणकडे घाणा चालविणारे शनवारतेली कोण होते? शनिवारीं घाणा बंद ठेवणारे, घरांत मराठी बोलणारे यहुदीच ते. १९४८ नंतर त्यांतले पुष्कळ इस्रायलला गेले, म्हणून विसरलां होय? हिटलरचा हात येथवर पोंचला नाहीं एवढेंच. पोंचता तर घाणेवाला म्हणून त्यानें त्यांना सोडलें नसतें.

१९४५ सालीं ऑशविट्झची सुटका झाली ती २७ जानेवारीस. संयुक्त राष्ट्रसंघानें २००५ सालीं तोच दिवस स्मरणाचा ठरविला. आमच्याकडे तो झेंडावंदनाचा दुसरा दिवस; पताका उतरवायला पोरें शाळेंत येतातच. त्या दिवशीं हार नको, भाषण नको. तेल्याच्या पोराला शनवारतेल्यांची गोष्ट सांगा, कुणब्याच्या पोरीला क्रेसेन्सियाची सांगा. आणि एवढेंच घरीं जाऊन विचारावयास लावा, कीं आई, रात्रीं कोणी अशी पोर दारांत आणून सोडली तर तूं घरांत घेशील काय?