गोठलेल्या जमिनीखालचं पाणी

भूजल म्हटलं की आपल्याला विहीर, बोअरवेल आणि उन्हाळ्यातले टँकर आठवतात. या अंकात मात्र आम्ही तुम्हाला नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात नेत आहोत. तिथली जमीन बारमाही गोठलेली: किनाऱ्याजवळच्या दऱ्यांत सुमारे १०० मीटर, डोंगरांत त्याहून कितीतरी खोल. उन्हाळ्यात वरचा मीटरभर थर काय तो वितळतो. पण या गोठलेल्या थराच्या खालीही पाणी आहे, तेही दाबाखाली. वाट सापडली की ते वर येतं, थिजतं आणि जमीन फुगवून ‘पिंगो’ नावाच्या टेकड्या उभ्या करतं. त्यांतल्या झऱ्यांवाटे मिथेन बाहेर पडतो. आमच्या मते खरी काळजी हीच.

२०१६मध्ये इथल्या जागतिक बियाणं कोठाराच्या बोगद्यात पाणी शिरलं, बियाणं तेवढं सुखरूप राहिलं. भारताचं ‘हिमाद्री’ संशोधन केंद्रही २००८पासून इथेच आहे आणि त्याचा कारभार गोव्यातल्या वास्कोहून चालतो. म्हणजे विषय वाटतो तितका परका नाही.

तुमच्यापैकी कुणी ध्रुवीय मोहिमेवर गेलं असेल किंवा भूजलावर काम करत असेल, तर आम्हाला जरूर लिहा. न पटलेलंही कळवा.